फक्त पाणी घालायचं होतं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो, कुणी गेलेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे, आज सकाळीच तिने माझी यथासांग खरडपट्टी काढली. माझं ब्लडप्रेशरही जागच्या जागी आहे. दोन गल्ल्या सोडून राहणारा भाऊ पत्र कसलं लिहितो, असं तू म्हणशील. बरोबर आहे. उभ्या आयुष्यात मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. पण जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला या दोन दिवसांत, आपला पत्त्यांचा डाव सोडून, तीनदा तुझ्या दारी आलो आणि तीनदा तसाच परत गेलो. पहिल्यांदा व्हरांड्यातला बल्ब बदलून दिला. दुसऱ्यांदा गॅसची नळी तपासली. चांगली धडधाकट नळी, तरी दहा मिनिटं तपासली. काल तू दार उघडून सरळ विचारलंस, काय झालं दादा, आणि मी काही नाही गं, सहज, म्हणून अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पासष्टीचा घोडा झालो, पण तुझ्यासमोर खरं बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळते. आता दुकानात बसलोय. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही. बियाण्यांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

विषय तुला आवडणार नाही. विषय तुझ्या शेजारचे घड्याळवाले. थांब, कागद खाली ठेवू नकोस. सात महिने झाले, तू त्या माणसाशी एक शब्द बोललेली नाहीस. त्या बाजूच्या खिडक्या बंद असतात. कुंपणातली फट, जिच्यातून ते गुडघे धरत, कण्हत वाकून यायचे, ती तू तारेने आवळून टाकलीस. मागच्या रविवारी तुझ्या वहिनीने नुसतं त्यांचं नाव काढलं, तर तू पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. नळ सुरू होता, तेवढ्या वेळात बादली भरली असती. मला कळत नाही असं समजू नकोस. त्या माणसात तुझा जीव गुंतला होता आणि अजून आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं काही होतं याची तुलाच लाज वाटते, म्हणून तू राग राग करतेस. लाज वाटून घेऊ नकोस. लाज वाटायला हवी अशी माणसं वेगळी आहेत. पण मी मधूनच सुरू केलं तर सगळं माझ्या सोयीचं सांगून मोकळा होईन. मला मी ओळखतो. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मेहुणे गेले त्या वर्षापासून. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर काय काय करायचं बाकी ठेवलं, सांग. ज्याला जे सुचेल ते. आणि सगळ्यांत पुढे मी. तिसऱ्या ऑपरेशनला तू नको म्हणत होतीस. ते स्वतःही नको म्हणत होते, बोलता येत नव्हतं तर हात हलवून. मी तुला हॉस्पिटलच्या त्या हिरव्या भिंतींच्या बोळात नेलं, हातात पेन दिलं आणि म्हटलं, नुसतं बघत बसणं म्हणजे त्यांना मारणं आहे. तू सही केलीस. त्यानंतर ते अकरा दिवस राहिले, नळ्यांमध्ये. तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. मी आपलं धरून चाललो की तू विसरलीस. माणूस सोयीचं तेवढं धरून चालतो.

मग तू बागेत जाणं सोडलंस. दर आठवड्याला खुरपं घेऊन बसणारी बाई, ती नुसती मागच्या पायरीवर बसून राहायची. गवत गुडघ्याला लागलं. कोबीची चाळण झाली. मी म्हटलं माणूस पाठवतो, एका दिवसात साफ करून देईल. तू म्हणालीस, कुणी काही करायचं नाही. मी म्हटलं एक फवारा तरी मारू. तू परत तेच, कुणी काही करायचं नाही. मी घरी येऊन तुझ्या वहिनीला म्हणालो, पोरीचं डोकं फिरलं. ती म्हणाली, तिचं ठिकाणावर आलंय, तुमचं बघा.

आणि गंमत अशी की बाग मेली नाही. घेवड्यावर मावा आला, इतका की शेंडे काळे दिसायला लागले. मी रोज येऊन तोंड वाकडं करायचो. तीन आठवड्यांनी तू मला हाताला धरून ओढत नेलंस. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे, आणि त्यांची ती ओबडधोबड पिल्लं, माव्यावर तुटून पडली होती. माव्याचं औषध विकून ज्याने संसार केला त्याला तू मावा फुकट कसा जातो ते दाखवत होतीस. माझ्या पोटावर पाय देतेस, असं मी म्हणालो, आणि मेहुणे गेल्यानंतर पहिल्यांदा तू हसलीस. पुढे तर तुझा कायदाच झाला. वाळका पाला उचलायचा नाही, कोपऱ्यात ढीग राहू द्यायचा. निम्मा कोबी अळ्यांचा, निम्मा तुझा. गोगलगाई टोमॅटोवर चढल्या तर चढू दे. नळाखाली तो जाडा बेडूक येऊन बसायला लागला, त्याचं नाव तू फौजदार ठेवलंस, कारण तो दिवसभर ड्युटीवर असल्यासारखा बसायचा आणि काम काही करताना दिसायचा नाही. रात्री निम्म्या गोगलगाई तोच फस्त करायचा, हे तुला नंतर कळलं. भाजी कमी आली, डागाळलेली आली, पण दर वर्षी आली. मी कबूल कधी केलं नाही. आज करतो.

मग पाच वर्षांपूर्वी घड्याळवाले शेजारी आले. बायको कधीच गेलेली, मुलगा लांबच्या गावी, दुकान बंद केलेलं, आणि गुलाब असे रांगेत लावलेले की जणू आत्ता सावधान-विश्राम करतील. दर रविवारी सकाळी हातपंप घेऊन फवारणी. औषध अर्थात माझ्याच दुकानातलं. तुमची कुंपणावरची भांडणं सगळ्या गल्लीने फुकटात ऐकली आहेत. त्यांनी तुला अडाणी म्हटलं, तू त्यांना खाटीक म्हणालीस. मी दोन्हीकडून मजा बघत होतो. मग एक दिवस तू घेवड्याचं पान तोडून त्यांच्या नाकासमोर धरलंस आणि त्यांनी, घड्याळ उघडताना डोळ्याला लावतात ते भिंग खिशातून काढून लावलं. तास झाला तरी तो माणूस पान सोडेना. पुढच्या रविवारी फवारणी झाली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पंप धुऊन त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगला गेला. मग कुंपणात फट पडली. ती कुणी पाडली हे तुम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

इथून पुढे मला लिहायला जड जातंय. एका संध्याकाळी दुकान बंद करून तुझ्याकडे येत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी तुझं हसू ऐकू आलं. तुझं जुनं, फिदीफिदी, ज्याच्यापायी शाळेत तुला वर्गाबाहेर काढायचे ते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याआधी चार वर्षं संध्याकाळ माझी होती. आपण पत्ते खेळायचो, तू लबाडी करायचीस, मी ती बघून न बघितल्यासारखं करायचो. आता मी यायचो तेव्हा तुम्ही दोघं एका कोबीपुढे उकिडवे बसलेले असायचात, भिंग आळीपाळीने डोळ्याला लावत. दादा बस, आलेच, म्हणायचीस. मी खुर्चीत बसून पत्ते पिसत राहायचो. एक दिवस पिसून पिसून कंटाळलो आणि निघून आलो, तर तुला दुसऱ्या दिवशीपर्यंत पत्ता नाही. साठीतला थोराड भाऊ आणि रुसून बसला, ऐकायला हसू येतं ना? मला तेव्हा अजिबात आलं नाही.

आता सात महिन्यांपूर्वीचं. तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस, अठरा दिवस. किल्ली मला दिलीस, कारण घड्याळवाल्यांच्या गुडघ्यांना पाण्याच्या बादल्या झेपत नव्हत्या. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलीस. फक्त पाणी घाल. अळी दिसली तर दिसू दे. दादा, कशाला हात लावू नकोस. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. त्या दोन रेघा बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आजही आठवतं. मी काय दूधखुळा आहे?

पाचव्या दिवशी लिंबाच्या झाडाला पान म्हणून उरलं नव्हतं, अळ्यांनी बोडकं केलं होतं. घेवड्यावर मावा खचाखच. मी बादली खाली ठेवली आणि माझे हात शिवशिवायला लागले. वाटलं, पोरगी तिकडून जागरणं करून थकून येणार आणि इथे हा उजाड माळ बघणार. सगळं हिरवंगार करून ठेवू, सांगायचंच नाही, ती म्हणेल दादा, बाग कशी छान राहिली. असं मी स्वतःला सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते पूर्णही नव्हतं. तुमच्या त्या भिंगाच्या शाळेत मलाही एकदा शहाणं ठरायचं होतं.

हो भिंगरी. ती फवारणी मी केली. घड्याळवाल्यांनी नाही, मी.

दुसऱ्या दिवशी दुकानातून औषधाचा डबा घेऊन आलो. पंप आणला नव्हता, तो मोठा पाठीवरचा, तुझ्या गल्लीतून नेला असता तर शंभर जणांनी विचारलं असतं. फटीतून पलीकडे गेलो आणि त्यांच्या भिंतीवरचा हातपंप काढून घेतला. सकाळचे नऊ वाजले होते. भोपळ्याची फुलं उघडलेली, त्यात मधमाश्या. फुलोऱ्यात मारू नका, सकाळी मारू नका, मारायचंच असेल तर सूर्य बुडताना मारा, हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगतो. पण मला दहाला दुकान उघडायचं होतं. आणि माप. चाळीस वर्षं मी डब्याच्या झाकणानेच माप घेतो, पंपाला दोन झाकणं. माझ्या पाठीवरच्या पंपाला. त्यांचा हातपंप त्याच्या चौथाईसुद्धा नाही. हाताने सवयीने दोन झाकणं ओतली, मी सगळी बाग चिंब केली आणि पंप होता तसा खिळ्याला टांगला. नवशिक्याने लेबल वाचलं असतं गं. न वाचता ओतणं माझ्यासारख्यालाच जमतं.

पुढच्या सकाळी पाणी घालायला आलो तर वाटेवर मधमाश्या पडलेल्या. मी काय केलं माहीत आहे? झाडू घेतला आणि झाडून काढल्या. कुंपणात एका छोट्या पक्ष्याचं घरटं होतं, त्यातला चिवचिवाट दोन दिवसांनी बंद पडला. आईबाप अळ्याच भरवत होते ना त्यांना, त्याच अळ्या. मी वाकून बघितलं नाही. नळाखाली फौजदार दिसेना, तेव्हा म्हटलं गेला असेल कुठे फिरायला. बाराव्या दिवशी पानं तांबूस पडायला लागली. पान उलटं केलं तर खाली बारीक जाळं आणि रस शोषून पान वाळवणारा लाल कोळी, हजारोंनी. नऊ वर्षांत तुझ्या बागेत तो कधी आला नव्हता, कारण त्याला खाणारे तिथे नांदत होते. त्यांना मी मारलं आणि त्याला रान मोकळं करून दिलं. असं होतं हे मला ठाऊक होतं. मी लोकांना समजावून सांगतो हे. माझी पाचावर धारण बसली, आणि मी रोज येऊन फक्त पाणी घालत राहिलो.

तू आलीस त्या दुपारचं तुला मी काय सांगू? तुझी बॅग माझ्या हातात होती. तू मागच्या दारात उभी राहिलीस. ओरडली नाहीस. नाकाने हवा ओढलीस, पाऊस झाला नव्हता, वास पानांना धरून होता. मग सरळ फटीतून पलीकडे गेलीस, खिळ्यावरचा पंप काढलास, झाकण उघडून हुंगलंस. तेवढ्यात ते बाहेर आले. तू एवढंच विचारलंस, तुम्ही? त्यांनी तुझ्याकडे बघितलं. मग तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी बॅग दोन्ही हातांनी धरून उभा होतो. आणि ते म्हणाले, हो, चूक झाली.

मला क्षणभर काही कळेना. मग वाटलं, म्हातारा गोंधळला, तुझा चेहरा बघून घाबरला, जे सुचलं ते बोलला. माझ्या सोयीचं होतं, ते मी धरून चाललो. पण नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी बोललो. तुला आठवत असेल, माझ्याच तोंडचे शब्द आहेत, ही माणसं बदलत नसतात, मी तुला पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडलीस आणि मी तुझी पाठ थोपटली. ज्या हाताने पंप मारला त्याच हाताने.

आणि आता जे लिहितोय ते तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, दादा, पत्ते काढ. तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठेतरी, सगळ्या भीतीच्या खाली, छान वाटलं. गेले सात महिने रोज संध्याकाळी आपण खेळतोय. आधी मला वाटायचं, चला, बाग गेली, पण घडी पूर्वीसारखी बसली. बसलेली नाही. तू आता लबाडी करत नाहीस. हरतेस, आणि हरलीस हेसुद्धा तुझ्या लक्षात येत नाही, पानं हातात धरून तशीच बसतेस. मी समोर बसून जिंकतोय. माझ्याच्याने आता हे बघवत नाही.

मंगळवारी घड्याळवाले दुकानात आले. चार वर्षांत ते माझी पायरी चढले नव्हते, त्यांना माझ्या मालाची गरजच राहिली नव्हती. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग खिशातून घड्याळाचे सुटे भाग ठेवतात तशी छोटी पत्र्याची डबी काढली, उघडली आणि काउंटरवर ठेवली. आत माझ्या डब्याचं झाकण. त्या सकाळी त्यांच्या भिंतीवर विसरलेलं. सात महिने त्यांनी ते जपून ठेवलं होतं. त्या एका झाकणावर ते मला गल्लीभर तोंड लपवायला लावू शकले असते, आणि ते झाकण मला परत द्यायला आले होते.

ते वरच्या खिडकीत दाढी करत होते, त्यांनी मला बघितलं होतं. आधी त्यांना वाटलं, तूच मला फोनवर काही सांगितलं असशील, साबणाचं पाणी मार वगैरे. जिना उतरून येईपर्यंत मी गेलो होतो आणि माश्या पडायला लागल्या होत्या. मग त्या माणसाने, त्या गुडघ्यांनी, दोन दिवस बादल्या उचलून तुझी पानं धुतली, मी येऊन गेलो की. जेवढं निघेल तेवढं निघेल म्हणून. फौजदाराला त्यांनीच पुरलं, लिंबाखाली. मला त्यांचा असा राग आला भिंगरी, की काय सांगू. मी म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी मागितले होते का उपकार? ते चिडले नाहीत. ते कधी चिडतच नाहीत, हाच तर त्या माणसाचा मला त्रास आहे. ते म्हणाले, मी नाही म्हटलं असतं तर तिने मागे वळून बघितलं असतं, आणि मागे तुम्ही बॅग घेऊन उभे होता.

मग त्यांनी सांगितलं की त्या बोळातली सही तू विसरलेली नाहीस. तू एकदा त्यांना म्हणाली होतीस की, दादाला मी एकदा माफ केलंय, त्याला फार वर्षं लागली, दुसऱ्यांदा मला जमेल असं वाटत नाही. हे लक्षात ठेवून त्या माणसाने हो म्हटलं. म्हणाले, शेजारी काय, आणखी मिळतील, भाऊ तिला एकच आहे. कुणाला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलंसुद्धा. निघताना विचारलं, घेवडा पुन्हा आलाय का? मी म्हटलं, दोन वेल आलेत, ती तिकडे फिरकत नाही. ते बरं म्हणाले आणि पायरी धरून धरून उतरले. मागच्या खोलीत तुझी वहिनी होती, तिने सगळं ऐकलं. ती काही बोलली नाही, गुरुवार सकाळपर्यंत, म्हणजे आजपर्यंत. आज म्हणाली, तुम्ही सांगताय की मी जाऊ?

वचन मोडतोय. मोडू दे. मला तुझी माफी मागायची आहे, पण आत्ता मागत नाही, कारण त्यात पुन्हा माझंच घोडं पुढे दामटल्यासारखं होईल. तुला जमणार नाही असं तू म्हणाली होतीस, ते मला मंगळवारपासून गिळता येत नाही आणि थुंकता येत नाही. नाही जमलं तर नाही जमलं. पण माझी जागा राखायला दुसऱ्याने हद्दपार व्हावं, हे मी आणखी दोन दिवससुद्धा होऊ देणार नाही. दोन दिवस म्हणतोय, कारण ते मंगळवारी झाकण द्यायला आले नव्हते, निरोप घ्यायला आले होते. घर विकलंय. शनिवारी सकाळी अकरा वाजता ट्रक येणार आणि ते मुलाकडे राहायला जाणार, कायमचे. त्या बाजूच्या खिडक्या तू उघडल्या असत्यास तर व्हरांड्यातली खोकी दिसली असती. हे पत्र मी आत्ता तुझ्या दाराखालून सरकवतो, बेल वाजवत नाही. वाचून झालं की चप्पल घाल आणि आधी तिकडे जा. पुढच्या दाराने जा, तार सोडवत बसू नकोस. माझ्याकडे भांडायला येशील तर आज येऊ नकोस, उद्याही येऊ नकोस. महिन्याने ये, वर्षाने ये, येऊच नकोस वाटलं तरी मी समजेन. मी दुकानातच आहे गं, मी कुठे जात नाही. ते जातायत.

तुझाच, तू म्हणशील तोवर,
दादा